दोघी जावांचा किल्ल्यांचा खेळ

त्या खेळातला सगळ्यात कमजोर सैनिक कोण, तर शेतकरी. डोक्यावर गवती टोपी, हातात दाताळं, आणि लढाईत उभा केला की पहिल्याच फटक्याला आडवा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मुलीला म्हटलं, "कुठला गं हा मेला खेळ? पिकवतो त्यालाच आधी मारायचा?" ती म्हणाली, "आई, परदेशात बनलाय तो, माझ्या जन्माच्याही आधी. आता तू कोणाशी भांडणार?" त्या कॉम्प्युटरच्या खेळाच्या पुढच्या, म्हणजे तिसऱ्या भागात त्या शेतकऱ्याला किल्ल्यातून काढून टाकला आणि रानात कुठेतरी उभा करून ठेवला. तेही मला आवडलं नाही. पण तोवर खेळाची चटक लागली होती, त्यामुळे बडबडत का होईना, खेळत राहिले.

आमचं घर मखमलाबादच्या अंगाला. शेती फुलांची आणि पालेभाजीची. गुलाब, शेवंती, दसरा-दिवाळीला झेंडू, आणि मेथी-कोथिंबीर बारा महिने. घरात आम्ही दोघी जावा. मी थोरली. धाकटी माझ्याहून पुष्कळ लहान, येवल्याकडच्या खेड्यातली, कांदा पिकवणाऱ्यांच्या घरची. मला ताई म्हणते आणि अहो-जाहो करते. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, आणि दोघेही सारखेच घुमे. जेवताना बोललेच तर ताटाशी बोलतील. सासरे गेले, सासूबाई गेल्या, मग माझी मुलगी नोकरीला पुण्याला गेली. धाकटीची मुलं दिवसभर शाळेत. म्हणजे घरात तोंड उघडून बोलायला मला ती आणि तिला मी.

मुलगी गेली ती लॅपटॉप घेऊन. तिच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा जाडजूड कॉम्प्युटर मधल्या खोलीत तसाच राहिला. जायच्या आधी तिनं मला बसवून तो खेळ शिकवला. म्हणाली, "दुपारी टीव्हीवरच्या सासवा बघून तुझं डोकं आणखी तापतं. त्यापेक्षा हे बरं."

खेळ सांगायचा तर असा. एक मोठा नकाशा असतो. त्यात डोंगर, नद्या, जंगलं, खाणी आणि किल्ले. आपल्याला एक किल्ला मिळतो, एक सरदार मिळतो, थोडं सैन्य मिळतं. आपण जिथवर गेलेलो नाही तिथवर सगळं काळं दिसतं. चालत जाऊ तसतसा मुलूख उजळतो. वाटेत राक्षस, ड्रॅगन, जादूटोणा. आणि समोरच्याचे होते नव्हते ते सगळे किल्ले घेतले की आपण जिंकलो. पण खरी गंमत म्हणजे हा खेळ पाळीपाळीचा आहे. आपली पाळी आली की कितीही वेळ विचार करा, कोणी हटकत नाही. दूध उतू जायला आलं, कुकरची शिट्टी झाली, दारात फुलांचं गिऱ्हाईक आलं, उठून खुशाल जा. शत्रू जागचा हलत नाही. घरातल्या बाईला असं थांबून राहणारं दुसरं काही असतं का? मला तरी मिळालं नव्हतं.

एकटीनं कॉम्प्युटरशी खेळून मला लवकरच कंटाळा आला. त्याला हरवलं तरी तो चिडत नाही, मग हरवायचं कशाला? मुलीनं फोनवर सांगितलं की हाच खेळ दोघींना एका कॉम्प्युटरवर खेळता येतो. एकीनं आपली पाळी खेळायची, वाळूच्या घड्याळाचं बटण दाबायचं, खुर्चीवरून उठायचं, मग दुसरीनं बसायचं. फक्त एकीची पाळी चालू असताना दुसरीनं पडद्याकडे बघायचं नाही. नाहीतर कोणाचं सैन्य कुठं लपलंय ते कळणार आणि सगळी मजाच जाणार.

मग आमची एक पद्धतच पडली. दुपारची जेवणं उरकली की मी हाक मारायची. दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायच्या मेथीच्या जुड्या बांधायच्या असायच्याच. एक खुर्चीत बसून खेळायची, दुसरी पडद्याकडे पाठ करून जमिनीवर जुड्या बांधायची. "झालं गं" म्हटलं की अदलाबदल. माझी जुड्या बांधायची जागा ओसरीच्या दाराशी, बाहेर तोंड करून, म्हणजे कोण आलं-गेलं ते दिसतं. तिची जागा आत, भिंतीकडे तोंड करून, लोखंडी कपाटापुढं. सासऱ्यांच्या डोळ्यांपुढं डोक्यावरून पदर घेऊन वावरलेल्या बायका आम्ही, पाठ करून बसायचं आम्हाला काय अवघड?

मी कायम पांढऱ्या किल्ल्यावर असायची. त्यात शिपाई, घोडेस्वार आणि सगळ्यात वर पंखवाले देवदूत. ती कायम मढ्यांच्या किल्ल्यावर. सांगाडे, भुतं, रक्तपिपासू. मी म्हणायची, "अगं, काय ही अभद्र आवड?" ती म्हणायची, "ताई, हे काय खात नाय, पीत नाय. लय परवडतात." खेळातली नावं इंग्रजीत, ती आम्हाला कशाला पाहिजेत? गरुडाच्या तोंडाचा आणि सिंहाच्या अंगाचा जो होता तो आमचा कोंबडीवाघ. केसांच्या जागी साप असलेली ती नागीणबाई. एकदा जेवताना धाकटी सहज बोलून गेली, "ताई, काल तुमचे कोंबडीवाघ माझ्या नदीवर आलते," आणि दोन्ही भाऊ ताटातून मान वर करून आमच्याकडे बघायला लागले. आम्ही हसून हसून लोळायच्या बाकी.

मुलीनं मधल्या काळात त्याचे पुढचे भागही आणून दिले. एकात सगळंच गोल गोल फिरायचं, डोंगराच्या मागून कॅमेरा जायचा. मला गरगरायला लागलं, धाकटीला तर उलटी येते की काय असं झालं. आम्ही परत आमच्या तिसऱ्या भागावर आलो. आता मुलगी सांगते की जुन्या खेळांची फॅशन आलीय, रेट्रो म्हणतात त्याला, आणि शहरातली शिकलेली पोरं मुद्दाम हाच भाग शोधून खेळतात. आम्ही काही मुद्दाम शोधला नव्हता. आमचा कॉम्प्युटर त्याच्यापुढचं काही ओढत नव्हता, एवढंच.

आणि जिंकायचे मी. दरवेळी. कधी लवकर, कधी नकाशा सगळा उजळून झाल्यावर, पण शेवटी तिच्या काळ्या किल्ल्यावर माझा झेंडा लागायचाच. मला त्याचा अभिमान होता, लपवत कशाला बसू? शाळा फार नाही झाली माझी, पण डावपेचात माझं डोकं चालतं असं मी सगळ्यांना सांगत असे. मुलीनं एकदा फोनवर विचारलंसुद्धा, "आई, काकू एकदाही कशी जिंकत नाही गं?" मी म्हटलं, "ती साधी आहे. तिला लढाईच करवत नाही."

एवढ्यात घराचं निघालं. जुनं घर पत्र्याचं, पावसात तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागायची. भावांनी ठरवलं की पाडून दुमजली बांधू. खाली आम्ही, वर ते. इंजिनिअर येऊन जागा मोजून गेला आणि म्हणाला, पुढच्या रविवारी नकाशा घेऊन येतो, तोवर एकच ठरवून ठेवा: स्वयंपाकघर एक की दोन?

मला प्रश्नच कळला नाही. एकच, आणखी काय? पण रात्रीच्या जेवणाला दीर म्हणाले, "हल्ली सगळे दोन करतात. पुढंमागं लागतंच." वेगळा ओटा म्हणजे वेगळी चूल. आज ओटा वेगळा, उद्या डबे वेगळे, मग दारं वेगळी. ती वर, मी खाली आणि माझ्यासमोर ताटाशी बोलणारा माझा नवरा. मी जाहीर करून टाकलं, "एकच किचन. वेगळं काही नको. काय गं, बरोबर ना?" धाकटी भाकरी वाढत होती. म्हणाली, "ताई म्हणतील तसं."

झालं. प्रश्न मिटला म्हणून मी निश्चिंत झाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायलाही लागले की आमच्यात असं वेगळं-बिगळं काही नाही, आम्ही जावा नव्हे, बहिणीच.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी आम्ही खेळायला बसलो. माझी पाळी झाली. मी माझं सगळं सैन्य किल्ल्यातून बाहेर काढून ड्रॅगनच्या गुहेकडे नेलं होतं. त्या डावातला माझा एकुलता एक किल्ला मोकळाच, पण मला फिकीर नव्हती, ती तिकडे कुठं फिरकत नसे. बटण दाबलं आणि उठले. ओसरीत बघते तर दाराशी खताच्या गोण्या रचून ठेवलेल्या, बसायला जागा नाही. म्हणून मेथीची टोपली उचलली आणि आत तिच्या जागी जाऊन बसले, कपाटापुढं. ती पडद्यात गुंग झालेली, मी कुठं बसले तिनं पाहिलंच नाही.

चार जुड्या बांधल्या असतील. मान मोडून आली म्हणून वर बघितलं तर समोर कपाटाचा आरसा, आणि आरशात अख्खा पडदा. उजवं-डावं उलटं, पण लख्ख. माझा किल्ला, माझ्या खाणी, गुहेपाशी उभे माझे देवदूत, सगळं.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. म्हणजे ही बया वर्षानुवर्षं इथं बसून माझी एकूण एक चाल बघत होती! आणि मी वेडी दाराशी बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या मोजतेय! उठून तिच्या पाठीत धपाटा घालावा असं वाटलं. उठणारही होते. पण तेवढ्यात आरशात तिचा सरदार हलला. मागं सांगाड्यांची ही मोठी फौज, एवढी फौज तिच्याजवळ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तो नदी उतरला, माझ्या शेताच्या कडेनं चालत आला आणि माझ्या मोकळ्या किल्ल्याच्या दारात येऊन उभा राहिला. अजून एक पाऊल टाकलं असतं की खेळ खलास. तिनं माऊसवरचा हात काढला. थोडा वेळ नुसतीच बघत बसली. मग सरदाराला वळवला आणि आल्या वाटेनं परत पाठवला, पार नदीच्या पलीकडे, काळोखात.

"झालं, ताई," ती म्हणाली आणि वळली. मला तिच्या जागेवर बसलेली बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत का गेली नाहीस?" मी विचारलं.

"कुठं?"

"मला शेंडी लावू नको. माझ्या किल्ल्यात. दार उघडं होतं."

ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. मी म्हटलं, "आणि हा आरसा? रोज बघतेस?"

"दिसतं, ताई. मी काय मुद्दाम नव्हते बसले. पयल्याच दिवशी तुम्ही म्हणालात तू तिथं बस, म्हणून बसले. मग दिसायला लागलं."

"आणि दिसूनही हरतेस?"

"दिसतं म्हणूनच तर हरता येतं," ती म्हणाली. "तुमचं काय कुठं हाय ते कळलं की मी तिकडं जात नाय. नाय कळलं तर चुकून जिंकून बसायचे."

चोरी करतात ती जिंकायला, हे मला ठाऊक होतं. हरायला चोरी करणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. "पण का गं बाई?" मी ओरडलेच. ती खालच्या आवाजात म्हणाली, "लग्न करून यायच्या आदल्या दिवशी आईनं सांगितलं होतं. थोरल्या जावेच्या पुढं पाऊल टाकायचं नाय. कशातच नाय."

"अगं, ते देवपूजेत, हळदीकुंकवात! कॉम्प्युटरच्या खेळात नाही!"

"आईनं असं काय वेगळं करून सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसले. समोर माझे देवदूत उभे होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या खोलीत एकटीच खेळत होते. समोर कोणी नव्हतंच. आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, आणि ती आली तेव्हा राग कुठल्या कुठे पळाला. ताई म्हणतील तसं. ओट्याच्या वेळीही ती हेच म्हणाली होती. साडी घेताना हेच, मुलांच्या शाळेच्या वेळी हेच. ह्यातलं खरं किती होतं? मला ती बहिणीसारखी होती. तिला मी काय होते?

मी उठले, पलंगावरची चादर ओढली आणि कपाटावर टाकली. आरसा झाकला. म्हटलं, "नवीन डाव लाव. आता खरं खेळायचं. माझ्या गळ्याची शपथ. आणि खरं खेळून झालं की ओट्याचंही खरं सांगायचं. रविवारी तो इंजिनिअर येतोय."

"ताई, राहू द्या ना."

"मी म्हणेन तसं ना? मग मी म्हणते, खेळ."

तो डाव शनिवारपर्यंत रोज दुपारी चालला. काय सांगू त्याचं! पहिल्या दिवशीच तिनं माझी लाकडाची वखार घेतली. दुसऱ्या दिवशी दगडाची खाण. मी पाठ करून मेथी बांधायची आणि मागं तिच्या माऊसचा टक टक आवाज ऐकून माझ्या जुड्या सैल बांधल्या जायच्या. आता कुठून येतेय? नदीवरून? डोंगरामागून? मी खुर्चीत बसले की माझ्या मुलखात ठिकठिकाणी तिचे काळे झेंडे. ही साधी म्हणे! ही तर पुढच्या दहा चाली धरून बसलेली असायची. एवढी वर्षं नकाशा दोन्ही बाजूंनी बघून तिला त्यातली खडान्‌खडा माहिती झाली होती.

एकदाच मी तिला फसवलं. माझा लहान सरदार मुद्दाम तिच्या वाटेत उभा केला, ती त्याच्यामागं धावली, आणि मागच्या मागं मी बोटीनं जाऊन तिचा एक किल्ला घेतला. तिची पाळी आली, तिनं बघितलं आणि जोरात ओरडली, "अगं बाई! ताई, हे कव्हा केलं?" आणि खो खो हसली. तिला मी असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी विनाकारण शिरा केला. पुढच्या पाळीत तिनं किल्ला परत घेतला.

शनिवारी मी हरले. माझ्याकडे एकच किल्ला उरला होता आणि सगळे देवदूत आत कोंडून घेतले होते. ती भिंत फोडून आत आली. लढाईत मीही तिच्या शेजारीच उभी होते, तिथं पाठ करायची नसते. तिचा एकेक सांगाडा पडायचा आणि मागून दुसरा यायचा. माझा शेवटचा देवदूत पडला तेव्हा पडद्यावर तुताऱ्या वाजल्या. तिनं माऊस सोडला आणि हात मांडीत घेऊन बसली, घरातलं काहीतरी हातून फुटल्यासारखी.

"चांगलं खेळलीस," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. "आता सांग. ओटा एक की दोन?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "दोन."

"का? मी त्रास देते तुला?"

"नाय हो. तुम्ही कधी वाकडा शब्द नाय बोललात."

"मग?"

"मला माझा पाहिजे," ती म्हणाली. "कारण नाय सांगता येत. पाहिजे."

मला वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, कोणीतरी धक्का देऊन दाराबाहेर काढल्यासारखं वाटलं. मी मागच्या शेवंतीत गेले आणि तण काढायला बसले. ओझरच्या विमानतळाकडून एक विमान घरघरत गेलं, त्या आवाजात पोटभर रडून घेतलं. मनात नाही नाही ते आलं. तिनं 'दोन' म्हटल्याचं कोणाला सांगायचं नाही, एवढंच करायचं होतं. उद्या 'एकच' म्हणायचं. ती चार माणसांत तोंड उघडणार नाही, आणि आमच्या दोघींमध्ये काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. ती वर राहील, जेवायला खाली येईल, माझ्याशी गोड बोलेल, आणि सगळं होतं तसंच राहील. म्हणजे माझ्या दारातून नदीपलीकडे परत जाणारा तो सरदार रोज माझ्या स्वयंपाकघरात वावरेल, आणि आता तर मला तो दिसणार. तण काढता काढता शेवंतीची दोन रोपं उपटली गेली, तरी मला पत्ता नाही.

रविवारी इंजिनिअरनं ओसरीत बाजेवर नकाशा पसरला. दोन्ही भाऊ वाकून बघायला लागले. माझा नवरा म्हणाला, "किचन एकच धरा. बायकांचं ठरलंय."

धाकटी कपात चहा ओतत होती. ती ओततच राहिली. बोल की बाई आता, माझ्या मनात येत होतं. दात-ओठ खात बसले. ती बोलेना. कशी बोलेल? आईनं तेही वेगळं करून सांगितलं नसणार.

"मला नका विचारू," मी मोठ्यानं म्हटलं. "वरचं घर तिचं आहे. तिला विचारा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. दीर म्हणाले, "ती काय सांगणार? वहिनी म्हणतील तसं."

"वहिनी म्हणतायत, तिला विचारा!" मी अशी खेकसले की इंजिनिअरनं पेन्सिल खाली ठेवली. तिनं किटली जमिनीवर ठेवली, पदर सारखा केला, माझ्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. "दोन करा," ती म्हणाली. "वरती एक. खिडकी पूर्वेला." खिडकीचाही तिनं विचार करून ठेवला होता!

घर झालं. कॉम्प्युटर खाली माझ्याकडे राहिला, ती वर गेली. वास्तुशांतीचा गोंधळ संपला आणि मग ती खाली यायची थांबली. नवं घर लावायचं असतं, मला कळत होतं, पण कळून काय करायचं? मी वर गेले नाही, मलाही मान आहे की नाही? दोन माणसांचा स्वयंपाक तो केवढा, तरी रोज कणीक जास्तीची भिजवायची आणि मग स्वतःवरच चिडायची. वरून भांड्यांचे आवाज यायचे. फोडणीचा असा ठसका खाली उतरायचा की मी खोकून बेजार. हिला मिरची जाळू नये एवढंही कळत नाही का, असं म्हणत मी खिडक्या लावून घ्यायची.

एका दुपारी जिन्यावर तिचा पाय वाजला. ती खाली आली, हातात झाकलेला वाडगा. "शेंगोळे केलेत, ताई," ती म्हणाली. "बघा बरं." आणि माझ्याच फडताळातून ताट काढून मला वाढलं.

कुळथाचे शेंगोळे, वर लालभडक तर्री. मी भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला, आणि देवा रे देवा! जीभ, टाळू, कान, सगळं पेटलं. "अगं, तिखटाचा डबा सांडला की काय?"

"नाय. असंच करतात आमच्याकडं."

"माहेरी?"

"माहेरी. आन आता वर."

सासूबाईंना पित्ताचा त्रास होता, म्हणून आमच्या घरात तिखटाला हात आखडूनच. त्या गेल्या तरी माझा हात तसाच राहिला, तो सैल करावा असं कधी डोक्यातच आलं नाही. आणि ही माझ्या हातचं दोन्ही वेळा जेवली, "छान झालंय, ताई" म्हणाली, ताट लख्ख करून उठली. मांडीला मांडी लावून जेवत होतो आम्ही. हिला तिखट किती लागतं ते मला माहीत नव्हतं.

"म्हणजे माझी आमटी तुला आवडायची नाही?" मी विचारलं.

"पाणचट लागायची, ताई," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतच होतं, त्यात आणखी थोडं आलं असेल तर तिला कळलं नसावं. मी तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी प्यायले, पदरानं नाक पुसलं आणि ताट परत पुढं ओढलं.

"सोसत नसंल तर राहू द्या," ती म्हणाली. पण वाडगा काही मागं घेतला नाही.

"गप बस," मी म्हटलं. "वाढ अजून."